पुडीतलं आभाळ

गिऱ्हाईक ‘आकाशी द्या’ म्हणालं, की मी आधी खिडक्या कुठल्या दिशेला आहेत ते बघते. उत्तरेच्या मंद उजेडात फिकट निळा राखाडी, उदास दिसतो. पश्चिमेचं पिवळं ऊन येणाऱ्या खोलीत तोच रंग खुलतो.

चुन्याच्या भिंतींवर हा रंग आला तो निळीच्या पुडीतून. विरवलेला चुना गाळून घ्यायचा, नीळ फडक्याच्या पुरचुंडीत बांधून त्यात हलवायची, म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. चिमूटभर घातली तर पिवळेपणा मरतो आणि भिंत पांढरीशुभ्र दिसते. हात सैल सोडला की अस्मानी. ओला असताना हा रंग गडद वाटतो, वाळला की पार फिका पडतो. म्हणून जाणता रंगारी आधी कोपऱ्यात एक हात मारून थांबतो.

पुडीतली ही नीळ म्हणजे अल्ट्रामरिन. निळीच्या झाडाशी तिचा संबंध नाही. पूर्वी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडातून काढत, आणि तो अतिशय महाग असे. चिनी माती, सोडा, गंधक असल्या स्वस्त मालातून तो बनवल्याबद्दल १८२८ मध्ये फ्रान्सच्या गिमे यांना बक्षीस मिळालं. चुन्याचा दाहकपणा त्याला सोसतो. आम्लाने मात्र तो उडतो.

डबा घेण्याआधी भिंतीवर दोन फुटांचा पट्टा मारा. तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली बघा. शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावर भरवसा ठेवू नका.