केबिनमध्ये सोबत कोण?

अमेरिकेत ट्रक चालवायला निघालेल्या बाईला जो तो एकच विचारतो, ‘एवढं मोठं धूड तुला झेपेल का?’ तिला मात्र वेगळीच काळजी असते. पुढचे काही आठवडे केबिनमध्ये माझ्यासोबत कोण असणार?

तिथली रीत अशी की आधी शाळेत शिकून व्यावसायिक लायसन्स काढायचं, मग कंपनी नव्या चालकाला एक ट्रेनर नेमून देते. दोघं एकाच ट्रकमधून माल पोचवत या राज्यातून त्या राज्यात फिरतात. रात्री झोपायचं तेही तिथेच, सीटमागच्या एकावर एक असलेल्या बर्थवर, रेल्वेत असतात तशा. आडोसा म्हणाल तर एक पडदा. या जोडीबद्दलचे गैरसमज शेवटी शिकणाऱ्या बाईलाच भोवतात, म्हणून त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटलं.

गैरसमज: हे दंडाच्या जोरावरचं काम आहे.

मालासकट गाडीचं वजन ८०,००० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३६ टनांपर्यंत जातं. एवढं वजन कुठलाच पुरुष मनगटाच्या बळावर वळवत नाही. त्यासाठी पॉवर स्टिअरिंग असतं, हवेवर चालणारे ब्रेक असतात. अंगमेहनत आहेच, ट्रेलरचे पाय हँडल फिरवून वर घेताना किंवा अडकलेला दांडा ओढताना घाम निघतो. पण खरा कस लागतो तो नजरेचा आणि चिकाटीचा.

ट्रेलर जोडण्याचंच बघा. पुढच्या ट्रकच्या पाठीवर ग्रीस माखलेली, घोड्याच्या नालेसारखी जाड पोलादी प्लेट असते. ट्रक मागे घेत नेला की ट्रेलरखालची खुंटी त्या प्लेटच्या खाचेत शिरते आणि ‘खट्’ असा आवाज होतो. नवखा माणूस या आवाजावर विसंबतो. शिकलेली बाई ट्रेलरचे ब्रेक तसेच लावून ठेवते, ट्रक हलकेच पुढे ओढून बघते, मग खाली उतरून टॉर्च घेऊन वाकते आणि प्लेटमधला जबडा खुंटीभोवती पुरता मिटलाय ना, हे डोळ्यांनी पाहते. पाऊस असो, चिखल असो, दर वेळी. हे चुकलं तर भरलेला ट्रेलर रस्त्यातच सुटू शकतो.

गैरसमज: बाईला बाईच ट्रेनर दिली की प्रश्न मिटला.

हा समज सद्हेतूने पसरतो, म्हणूनच तो सगळ्यात अवघड आहे. मिझुरी राज्यातल्या ‘न्यू प्राइम’ या मोठ्या कंपनीने लैंगिक छळाच्या खटल्यानंतर २००४ मध्ये नियम केला की स्त्रियांना स्त्री ट्रेनरच शिकवेल. ऐकायला किती चांगलं वाटतं! पण कंपनीत स्त्री ट्रेनर होत्या मोजक्याच. पुरुषांना ट्रेनर लगेच मिळायचा, बायकांची नावं प्रतीक्षायादीत जायची. कधी कधी दीड वर्षापर्यंत थांबावं लागायचं. लायसन्स हातात, घरी चूल पेटवायची आहे, आणि नोकरी ‘बाई ट्रेनर मिळाली की कळवू’ या एका वाक्यावर टांगलेली.

समान रोजगार संधी आयोगाने २०११ मध्ये कंपनीवर दावा लावला. हा नियम स्त्रियांशी भेदभाव करणारा आहे, असा निकाल न्यायालयाने २०१४ मध्ये दिला आणि २०१६ मध्ये ३१ लाख डॉलरहून अधिक भरपाईवर प्रकरण मिटलं.

यावरून कुणी म्हणेल, मग पुरुष ट्रेनर मुकाट्याने पत्करा. मुळीच नाही. स्त्री ट्रेनर हवी असं म्हणणाऱ्या बाईची भीती खरी आहे, ज्या छळातून तो नियम जन्मला तोही खराच होता. मला राग येतो तो याचा, की छळ होऊ नये म्हणून जे करायचं त्याची किंमत जिचा छळ होऊ शकतो तिच्याकडूनच वसूल झाली. चांगल्या पुरुष ट्रेनरकडे शिकून तरबेज झालेल्या बायका आहेत, आणि बाई ट्रेनर म्हणजे सुखरूप, याचीही हमी कुणी देऊ शकत नाही.

गैरसमज: ट्रेनर म्हणजे मुरलेला गुरू.

७ फेब्रुवारी २०२२ पासून नव्या चालकांना लायसन्सआधी नोंदणीकृत संस्थेत शिकणं बंधनकारक झालं. पण लायसन्सनंतर कंपनीच्या ट्रकवर जो ट्रेनर भेटतो, त्याचा अनुभव किती असावा हे कंपनीगणिक बदलतं. त्यात पैशाचाही भाग आहे. शिकाऊ चालकाने कापलेल्या मैलांचे पैसे पुष्कळदा ट्रेनरच्या खात्यात जमा होतात. मग मोह होतो की ही चालवेल, आपण मागे झोपू. नियमाने एका चालकाला १० तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. दोघांनी आळीपाळीने चालवली की चाकं थांबतच नाहीत. मैल वाढतात, शिकवणं राहून जातं.

गैरसमज: बायका या धंद्यात कालपरवा आल्या.

टेक्सासमधल्या लिली ड्रेननने १९२९ मध्ये व्यावसायिक ट्रकचं लायसन्स मिळवलं. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून अधिकारी कचरत होते. ती हटली नाही. पुढे स्वतःची ट्रक कंपनी चालवताना आपल्या चालकांना तीच शिकवायची. आपल्याकडे नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी कायद्याचं शिक्षण झालेल्या. पती गेल्यावर भोपाळहून लांब पल्ल्याचे ट्रक चालवू लागल्या.

गैरसमज: ट्रेनरबद्दल आधीच विचारलं तर नोकरी जाते.

भेदभावाची वा छळाची तक्रार केली म्हणून सूड उगवणं अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार बेकायदा आहे. कागदावर सही करण्याआधी तर मोकळेपणाने विचारावं. ट्रेनर बदलून मागितला तर किती दिवसांत मिळेल? रात्री दोनला फोन केला तर कोण उचलेल? मधेच उतरावं लागलं तर लॉजचं आणि घरी परतायचं भाडं कोण भरेल? मी झोपेन तेव्हा गाडी उभी असेल की चालू? उत्तरं लेखी मागावीत. ‘ते पुढचं पुढे बघू’ असं कुणी म्हणालं, तर दुसऱ्या कंपनीत अर्ज टाकावा.