लेझरच्या आधी आणि नंतर : कांतीची निगा

लग्नसराईचे दिवस दृष्टिपथात आले की मळमड्डीतील घरोघरी तयारीच्या याद्या होऊ लागतात. शालू, रुखवत, केळवणे, कार्यालय या जुन्या नोंदींच्या जोडीला अलीकडे त्यांत एक नवी ओळ दिसते : लेझर. चेहऱ्यावरील, हनुवटीखालील अथवा हातापायांवरील नको असलेले केस लेझर किरणांनी काढून घेण्याची सोय आता मुंबई-बंगळूरपुरती राहिलेली नाही. ती हुबळी-धारवाडातही झाली आहे. वडीलधाऱ्यांना हे थेर वाटतात, मुलींना ती दर पंधरवड्याच्या दोऱ्यापासून आणि वॅक्सिंगपासून मिळणारी सुटका वाटते. तो वाद मिटविण्याचा आमचा मानस नाही. परंतु ज्या घरी हे करून घ्यावयाचे ठरले आहे, तेथे यंत्राची आणि दराची चौकशी जितकी कसून होते, तितकी पथ्याची होत नाही, असे आम्ही पाहतो. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या माणसांच्या बाबतीत तर यश बव्हंशी त्या पथ्यावरच अवलंबून असते. त्याची कारणे आणि त्याचे नियम वाचकभगिनींपुढे ठेवावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने माणकाच्या कांडीतून जगातील पहिला लेझर किरण निर्माण केला. पुढे १९८३ साली रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या दोघा डॉक्टरांनी असा सिद्धांत मांडला की, योग्य जातीचा प्रकाश योग्य तेवढाच क्षण सोडल्यास आजूबाजूच्या कातडीला धक्का न लावता तिच्यातील एखादी नेमकी वस्तूच तापविता येते. १९९० नंतरच्या दशकात ही कल्पना केसांना लावण्यात आली. केसांत मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य असते. ते प्रकाश शोषून घेते, तापते, आणि ती उष्णता मुळाशी पोचून केस उगविणारा भाग दुबळा होतो.

मेख आहे ती येथेच. हेच मेलॅनिन आपल्या त्वचेतही असते. गोऱ्या कातडीतील काळा केस किरणाला सहज वेगळा सापडतो. सावळ्या कातडीत मात्र केस आणि त्वचा दोन्ही त्या प्रकाशाचे वाटेकरी होतात. डॉ. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हाला त्वचा कसा प्रतिसाद देते यावरून एक वर्गवारी मांडली. पुढे ती सहा प्रकारांपर्यंत वाढली, आणि त्या सहांत बहुसंख्य भारतीय चौथ्या व पाचव्या प्रकारांत मोडतात. अशा त्वचेसाठी अधिक खोल जाणारा आणि वरच्या थरातील रंगद्रव्याला कमी भिडणारा १०६४ नॅनोमीटरचा एन.डी.-याग लेझर सर्वांत सुरक्षित समजला जातो. सुमारे ८०० ते ८१० नॅनोमीटरचा डायोड लेझरही त्वचा थंड राखण्याची सोय असल्यास वापरला जातो. पार्लरमध्ये पुष्कळदा 'लेझर' या नावाखाली जे यंत्र असते, ते आय.पी.एल. म्हणजे निराळ्याच जातीचा, अनेक रंगांचा मिश्र प्रकाश असतो. म्हणून यंत्र कोणते, हे विचारण्यात संकोच नसावा.

ही मेख ध्यानात आली की पहिले पथ्य कोणी सांगावेच लागत नाही : ऊन. उन्हाने रापलेल्या त्वचेत मेलॅनिन वाढलेले असते, आणि तिच्यावर किरण सोडल्यास पोळण्याची व डाग पडण्याची भीतीही वाढते. लेझरच्या आधी निदान चार आठवडे, आणि प्रत्येक बैठकीनंतरही तितकेच दिवस, ऊन टाळावे. धारवाडची हवा या बाबतीत फसवी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवरील आपल्या गावात वारा गार असतो, पावसाळ्यात आभाळ भरलेले असते, आणि ऊन लागत नाही असे वाटते. पण त्वचा रापविणारे किरण ढगांतूनही येतात, खिडकीच्या काचेतूनही काही प्रमाणात येतात. तेव्हा एस.पी.एफ. ३० किंवा त्याहून अधिक असलेले सनस्क्रीन सढळ हाताने लावावे, बाहेर असल्यास दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे, आणि शिवाय ओढणी व छत्री वापरावी.

दुसरे पथ्य मुलींना विचित्र वाटते. लेझरच्या आधी चार आठवडे दोरा, चिमटा, वॅक्सिंग सारे बंद ठेवावयाचे. वस्तरा मात्र चालतो. कारण सोपे आहे. दोऱ्याने व वॅक्सिंगने केस मुळासकट निघतो, आणि किरणाला उष्णता पोचविण्यासाठी मुळाशी केस असावाच लागतो. वस्तऱ्याने वरचा भाग तेवढा जातो. वस्तरा फिरविला की केस राठ आणि दाट येतात, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. पण कापलेल्या केसाचे टोक बोथट असल्यामुळे तो हाताला राठ लागतो इतकेच. केसांची संख्या किंवा मुळाची जाडी वस्तऱ्याने वाढत नाही.

तिसरे पथ्य स्वयंपाकघराशी निगडित आहे. तान्ह्या मुलीची लव जावी म्हणून डाळीचे पीठ आणि साय चोळण्याची रीत आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. वास्तविक बाळाची ती लव आपोआपच गळते. त्याच रीतीच्या विश्वासाने मोठ्या मुलीच्या चेहऱ्यावर लिंबू, बेसन, उटणे असे प्रयोग होतात. लेझरच्या आसपासच्या आठवड्यांत ते सर्व वर्ज्य समजावेत. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडले तर ती पोळते आणि काळे डाग उठतात. खरखरीत पीठ घासल्याने आधीच हुळहुळ्या झालेल्या कातडीला इजा होते. ब्लीचही करू नये, कारण त्याने केसाचा रंगच उडतो आणि किरणाला पकडण्याजोगे काही उरत नाही.

आमच्या परिचयातील एका घरची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. मुलीचे लग्न दहा दिवसांवर आले असता तिने परगावी एका ठिकाणी हनुवटीवर लेझर करून घेतले. तेथे कोणी काही विचारले नाही आणि सांगितलेही नाही. घरी आल्यावर लाली पाहून आजी म्हणाल्या, "अगं, साय-हळद लाव, थंड वाटेल." आत्याबाईंनी लिंबू पिळून दिले. त्यानंतर दोन दिवस पत्रिका वाटण्यासाठी उन्हात फिरणे झाले. लग्नाच्या दिवशी जबड्याच्या कडेने तपकिरी पट्टे उमटलेले होते, आणि ते फिके व्हावयास सहा महिने लागले. यात कोणाचा हेतू वाईट नव्हता. जो तो मायेनेच करीत होता.

यावरून हिशेब असा निघतो. केसांचे जीवन टप्प्याटप्प्यांचे असते, आणि लेझरचा परिणाम वाढीच्या टप्प्यात असलेल्या केसांवरच चांगला होतो. एका वेळी सर्व केस त्या टप्प्यात नसतात. म्हणून सहसा सहा ते आठ बैठका, चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या आणि अंगासाठी त्याहून थोड्या अधिक अंतराने, घ्याव्या लागतात. लग्नाची तीथ धरून मागे मोजले तर आठ-दहा महिने आधी सुरुवात हवी, आणि शेवटची बैठक हळदीच्या निदान चार आठवडे आधी उरकलेली असावी. हळद शुभ आहे, ती लावावीच. पण शांत झालेल्या त्वचेला लावावी.

किरण घेण्यापूर्वी काही गोष्टी डॉक्टरांना न विचारता सांगाव्यात. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सिसायक्लिनसारखी औषधे चालू आहेत काय. तोंडाभोवती वारंवार पाण्याचे फोड, ज्याला आपण जर उठणे म्हणतो, येतात काय. जखमेचे व्रण फुगून जाड होतात काय. दिवस गेले आहेत काय. गरोदरपणात हा उपचार सहसा पुढे ढकलतात. गोंदण असलेल्या जागी किरण घेऊ नये. भुवयांच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत तर मुळीच नको; तेथे डोळ्याला इजा झाल्याचे नमूद आहे, म्हणून उपचाराच्या वेळी डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे. प्रथम लहानशा जागेवर चाचणी घेऊन त्वचा कशी वागते ते पाहण्याचा आग्रह धरावा.

भूल आणणाऱ्या मलमाविषयी विशेष सावध राहावे. लेझरपूर्वी असे मलम पायांवर लावून वर प्लॅस्टिक गुंडाळल्यामुळे अमेरिकेत दोन तरुणी दगावल्या, आणि २००७ साली तेथील अन्न व औषध प्रशासनाला जाहीर इशारा द्यावा लागला. डॉक्टरांनी सांगितले असेल तेवढेच, तेवढ्याच जागेवर लावावे.

किरण घेतल्यानंतर केसांच्या मुळाभोवती लाली आणि अंगावर काटा आल्यासारखी बारीक सूज येते. काही तासांत अथवा दोन-तीन दिवसांत ती ओसरते. थंड ओले फडके ठेवावे. बर्फ उघडा लावू नये. दोन दिवस कढत पाण्याने स्नान, वाफ, तेलाचे मर्दन आणि घाम काढणारा व्यायाम टाळावा. साधे, बिनवासाचे मलम लावावे. खपली धरल्यास ती काढू नये. फोड आले किंवा काळा-पांढरा डाग दिसला तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. एक ते तीन आठवड्यांत जळालेले केस वर येऊन गळतात. ते पुन्हा उगवले असे समजून मुली दोरा फिरवितात. तसे करू नये, ते आपसूक पडतात.

अपेक्षाही बेताची ठेवावी. 'कायमचे निर्मूलन' हे शब्द जाहिरातीत शोभतात. अमेरिकेच्या प्रशासनाने मान्य केलेला शब्द 'कायमची घट' असा आहे. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. आपल्या वर्णाच्या काही स्त्रियांत चेहऱ्यावर व मानेवर उलट केस वाढल्याचेही दिसून आले आहे. हे सारे आधी समजावून सांगावे आणि लेखी संमती घ्यावी, अशी अपेक्षा भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. हुबळीला १९५७ साली सुरू झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात आणि सत्तूरच्या एस.डी.एम. रुग्णालयात त्वचारोग विभाग आहेत. उपचार कोठेही घ्यावयाचा असला तरी पहिला सल्ला तज्ज्ञाचा असावा.

शेवटी, शाळेत आयुष्य गेलेल्या माणसाला डोळ्याआड करता येत नाही अशी एक गोष्ट. आठवी-नववीतील मुलीला ओठावरच्या लवेवरून चिडविले जाते, आणि ती वर्गात तोंडावर हात धरून बोलू लागते. तिला लेझरच्या आधी घरच्यांचा शब्द हवा असतो की, यात लाजण्यासारखे काही नाही. पण केस अचानक वाढू लागले, पाळी अनियमित झाली, आवाज जाड होऊ लागला, तर ते सौंदर्याचे प्रकरण नसून अंतःस्रावांचे असू शकते. पीसीओएससारखा विकार त्यामागे असेल तर तो ओळखून त्यावर उपचार व्हावयास हवेत. नुसते केस काढून भागत नाही, आणि मूळ कारण कायम असेल तर ते पुन्हा येतात. म्हणून आईने प्रथम मुलीची पाळी विचारावी, दर नंतर विचारावा. आणि लेझर करावयाचे की नाही, हा निर्णय वरपक्षाच्या नजरेवर न सोडता, सज्ञान झाल्यावर त्या मुलीनेच घ्यावा.