दोन विजेऱ्या बांधलेला माणूस

कपाळाला घट्ट बांधलेली पट्टी, तिच्यात दोन्ही बाजूंना पेटत्या विजेऱ्या, हातात तलवार आणि बंदूक. चेरीच्या गळणाऱ्या पाकळ्यांमधून पांढऱ्याफटक चेहऱ्याचा एक माणूस आपल्याच दिशेनं धावत येतो. योशितारो नोमुरा यांच्या १९७७ च्या ‘यात्सुहाका-मुरा’ या चित्रपटातलं हे दृश्य. मी पुण्यात जपानी भाषा शिकवते. हे दृश्य दाखवलं की मुलं विचारतात, ‘हे कुठल्या प्रकारचं भूत?’

भूत नव्हे, त्याच्यामागे काइओचा एक खराखुरा तरुण आहे. ओकायामा प्रांतातल्या त्सुयामा शहराजवळची ही डोंगराळ वस्ती. त्याचं नाव मुत्सुओ तोई, वय २१. आईवडील क्षयानं गेलेले, आजीनं वाढवलेला. पुढे त्यालाही क्षयानं गाठलं, लष्करभरतीच्या तपासणीत तो नाकारला गेला. युद्धाच्या त्या काळात तरुण पुरुषाला याहून मोठी नामुष्की नव्हती. ज्या बायकांशी त्याचे चोरटे संबंध होते, त्यांनीही पाठ फिरवली. २० मे १९३८ च्या संध्याकाळी त्यानं वस्तीची वीज तोडली. मध्यरात्र उलटल्यावर विजेऱ्या डोक्याला बांधून तो उठला आणि पहिला घाव त्यानं आजीवरच घातला. मग अंधारात घरोघर फिरला. तिच्यासह तीस जीव गेले. पहाटे त्यानं स्वतःला संपवलं.

युद्धाच्या शेवटी ओकायामात आसऱ्याला आलेल्या सेइशी योकोमिझो या रहस्यकथाकारानं हा धागा उचलला. १९४९ पासून क्रमशः आलेल्या त्याच्या कादंबरीवर नोमुरांचा चित्रपट बेतला आहे. त्यात गावकऱ्यांनी दगा देऊन मारलेल्या आठ सामुराईंचा शाप शतकानुशतकं गावाचा पिच्छा पुरवतो. चित्रपट देखणा आहे, पण त्या शापाबद्दल माझी तक्रार आहे. खून शापाच्या खात्यावर टाकले की क्षयरोग्याला वाळीत टाकणारं गाव आणि दुबळ्या तरुणाला निकामी ठरवणारी व्यवस्था, दोघंही सुटतात.

नोबोरू तानाका यांच्या याच हत्याकांडावरच्या, १९८३ च्या ‘उशिमित्सु नो मुरा’नं ही सूट दिली नाही. त्यात शाप नाही. मासातो फुरुओयानं रंगवलेला हुशार, लाजाळू मुलगा डोळ्यांदेखत आंबत जातो. तपासणीत डॉक्टर त्याला नाकारतात तो प्रसंग मला शेवटच्या हत्याकांडापेक्षा जड जातो. तरीही हा चित्रपट त्याच्यावर जरा जास्तच माया करतो. मेलेल्या बायका फक्त ‘त्याला नाकारणाऱ्या’ एवढ्याच उरतात, आणि हा मला मोठा अन्याय वाटतो.

२०१० मध्ये सिओन सोनो यांनी ‘कोल्ड फिश’मध्ये वेगळी वाट धरली. त्यामागची खरी घटना दुसरीच: सायतामा प्रांतात १९९३ मध्ये कुत्र्यांचा व्यापार करणाऱ्या जोडप्यानं माणसं मारून त्यांचे मृतदेह नाहीसे केले होते. सोनोंनी कुत्र्यांच्या जागी शोभेचे मासे आणले. देनदेन या नटानं उभा केलेला दुकानदार बोलका, हसरा, मदतीला धावणारा आहे. समोरचा माणूस त्याच्या उपकाराखाली दबत जातो, तिथंच भीती सुरू होते. अंगावर येणारी हिंसा यात भरपूर आहे, मुलांनी पाहू नये.

तुम्हाला एकच पाहायचा असेल तर तानाकांचा पाहा. पाहताना मात्र त्या तरुणाइतकंच त्याच्या आजीकडेही लक्ष द्या.