दुर्बिणीची काच किती जाड हवी?

घरी दुर्बीण करायला घेणारे बहुतेकजण काचेची जाडी एका जुन्या नियमाने ठरवतात: व्यासाचा सहावा हिस्सा. १५० मिलिमीटरच्या आरशाला २५ मिलिमीटर जाड काच. पण आरशाच्या दुर्बिणीत प्रकाश काचेत शिरतच नाही, पुढच्या मुलाम्यावरूनच परततो. मागची सगळी काच असते ती त्या पृष्ठभागाचा आकार टिकवायला. हा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आठव्या भागापर्यंत, म्हणजे साधारण ७० नॅनोमीटरपर्यंत अचूक लागतो. इतक्या बारीक मापात काचसुद्धा स्वतःच्या वजनाने वाकते.

हा वाक व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, जाडीच्या वर्गाने घटतो. जाडी तीच ठेवून व्यास दुप्पट केला, तर वाक सोळापट. नियम पाळून जाडीही दुप्पट केली, तरी तो चौपट होतोच आणि वजन आठपट. म्हणून आरसा मोठा असेल तर नुसत्या जाडीच्या मागे लागू नये, पाठीचा आधार नीट द्यावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात संन्यासी असलेल्या जॉन डॉबसन यांनी जहाजाच्या गोल खिडक्यांच्या काचा घासून आरसे केले. नियमाच्या मानाने त्या पातळच होत्या, तरी त्यांतून आकाश उत्तम दिसलं.

जाड काचेचा आणखी एक तोटा आहे. जाडी वाढली की काच निवायला बराच जास्त वेळ लागतो, आणि गरम काचेवरची हवा हलत राहून ग्रह थरथरता दिसतो. जानेवारीत आपल्या पठारावर दिवस तापतो आणि रात्र झपाट्याने गारठते, तेव्हा हे फार जाणवतं. १५० मिलिमीटरसाठी मी २० मिलिमीटरची काच बिनदिक्कत घेईन.

भिंगाचं गणित वेगळं. प्रकाश आरपार जायचा, म्हणून आधार फक्त कडेला. १८९७ साली उभ्या राहिलेल्या यर्क्स वेधशाळेचं ४० इंची भिंग आजही सर्वांत मोठ्या भिंगांच्या दुर्बिणींत गणलं जातं, त्याचं हे एक मोठं कारण. छोट्या भिंगात वाकण्याची चिंता नसते. तिथे जपायचं ते कडेला. दोन्ही बाजूंना फुगीर भिंग घासताना कड झपाट्याने पातळ होते, म्हणून मुळातच पुरेशी जाड काच घ्यावी. कडेची जाडी सगळीकडे सारखीही हवी, नाहीतर भिंग लोलकासारखं वागतं आणि ताऱ्याच्या एका बाजूला लाल, दुसऱ्या बाजूला निळी किनार उमटते. जाडीतला बारीक फरक दाखवणाऱ्या डायल गेजखाली भिंग फिरवून हा फरक घासतानाच पकडावा; पॉलिश झाल्यावर तो काढायचा म्हणजे पुन्हा घासण्यापासून सुरुवात.