समजून घ्या : दीर्घ श्वासाने पेशींना खरेच जास्त ऑक्सिजन मिळतो का? लोणावळ्यातील संशोधन काय सांगते?

इस्लापूर (ता. किनवट, जि. नांदेड) : दिवाळीत आत्याच्या घरी गेलो होतो. करोनाच्या काळात घेतलेले ऑक्सिमीटर तिने फडताळातून काढून बोटाला लावले. आकडा आला 98. ‘‘बघ, अठ्ठ्याण्णव दाखवायलंय. मग पाण्याची घागर आणताना दम का लागायलाय?’’ तिने विचारले.

आत्याच्या मोबाइलवर कुणीतरी एक व्हिडीओ पाठवला होता. रोज वीस मिनिटे जोरजोरात श्वास घ्या, पेशी न् पेशी ऑक्सिजनने भरून जाईल, थकवा, बीपी, साखर सगळे पळून जाईल, असा त्यातला दावा. ती महिनाभर नेमाने करत होती. करताना हातापायांना मुंग्या येत, डोके हलके होई. ‘ऑक्सिजन लागू पडतोय’ अशी तिची समजूत झाली होती.

असे व्हिडीओ तुमच्याही ग्रुपवर येत असतील. त्यातले खरे किती? मुंग्या कशाच्या? आणि 98 आकडा असूनही दम का लागतो? समजून घेऊ.

श्वासातला ऑक्सिजन पेशीपर्यंत पोहोचतो कसा?

हवेत साधारण 21 टक्के ऑक्सिजन असतो. तो फुप्फुसांतल्या वायुकोशांतून रक्तात उतरतो आणि तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटतो. हृदय ते रक्त शरीरभर ढकलते. शेवटी ऑक्सिजन पेशीतल्या तंतुकणिकेत पोहोचतो आणि अन्नातून ऊर्जा तयार करायला वापरला जातो.

म्हणजे या वाहतुकीचे चार टप्पे आहेत : फुप्फुस, हिमोग्लोबिन, हृदय आणि रक्तवाहिन्या, आणि स्वतः पेशी. मालगाडीचे उदाहरण घ्या. फुप्फुस म्हणजे माल भरण्याचे स्टेशन, हिमोग्लोबिन म्हणजे डबे आणि हृदय म्हणजे इंजिन. दीर्घ श्वासाने फक्त पहिल्या स्टेशनवर माल वाढतो. डबे आधीच भरलेले असतील तर तो माल जाणार कुठे?

जोरात श्वास घेतल्याने रक्तातला ऑक्सिजन किती वाढतो?

निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन साध्या श्वासातही 95 ते 99 टक्के भरलेले असते. ऑक्सिमीटर हीच टक्केवारी दाखवतो. 98 चे 99 करता येतील, 120 नाही.

एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण 1.34 मिलीलीटर ऑक्सिजन वाहते. हिमोग्लोबिन 14 असेल, तर 100 मिलीलीटर रक्तात सुमारे 18 मिलीलीटर ऑक्सिजन बसतो. रक्तात नुसता विरघळलेला ऑक्सिजन 0.3 मिलीलीटरच्या आसपास असतो. कितीही जोरात श्वास घेतला, तरी निरोगी फुप्फुसांच्या माणसात या बेरजेत फारशी भर पडत नाही.

शिवाय विश्रांतीच्या वेळी शरीर मिनिटाला सुमारे 250 मिलीलीटर ऑक्सिजन वापरते. रक्त पोहोचवते ते सुमारे 1000 मिलीलीटर. म्हणजे जवळपास तीन चतुर्थांश ऑक्सिजन न वापरताच परत येतो. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाच्या पेशी उपाशी नसतात.

मग मुंग्या आणि डोके हलके होणे कशाने?

जोरात श्वास घेतल्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, पण कार्बन डायऑक्साइड झपाट्याने बाहेर पडतो. त्याचे प्रमाण घटले की रक्त अल्कधर्मी होते आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. मेंदूकडे जाणारे रक्त कमी होते, म्हणून डोके हलके वाटते. रक्तातल्या कॅल्शियमचे संतुलनही तात्पुरते बदलते आणि मुंग्या येतात.

आणखी एक गोष्ट घडते. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ क्रिस्टियन बोर यांनी 1904 मध्ये दाखवले, की कार्बन डायऑक्साइड वाढला की हिमोग्लोबिन ऑक्सिजन सहज सोडते आणि तो घटला की ऑक्सिजन घट्ट धरून ठेवते. म्हणजे धापा टाकल्यासारखे श्वास घेतल्याने पेशींना ऑक्सिजन मिळणे उलट थोडे अवघड होते. व्हिडीओत ज्याला ‘ऑक्सिजन लागू पडणे’ म्हटले जाते, ती बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइड कमी झाल्याची लक्षणे असतात.

लोणावळ्यात काय आढळले होते?

हा प्रश्न प्रयोगशाळेत नेण्याचे काम महाराष्ट्रात फार लवकर झाले. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद (1883-1966), यांनी 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. योगाचे दावे क्ष-किरण, दाबमापक यंत्रे आणि श्वासातल्या वायूंचे पृथक्करण यांच्या साह्याने तपासायचे, हा त्यांचा आग्रह होता.

प्राणायामाने भरपूर ऑक्सिजन मिळतो, ही समजूत तेव्हाही होती. कुवलयानंदांनी मोजमापे घेतली आणि आपल्या लेखनात ती समजूत खोडून काढली. प्राणायामाचे महत्त्व जास्तीच्या ऑक्सिजनमध्ये नाही, तर शरीरातल्या दाबांच्या बदलांत आणि मज्जासंस्थेवर होणाऱ्या परिणामात आहे, अशी त्यांची मांडणी होती. प्राणायामाचा प्रचार करणाऱ्या माणसानेच हे सांगितले, हे महत्त्वाचे.

1930 च्या दशकात अमेरिकेतल्या येल विद्यापीठातले भारतीय मानसशास्त्रज्ञ कोवूर बेहानन लोणावळ्यात येऊन शिकले आणि परत जाऊन त्यांनी स्वतःवर मोजमापे घेतली. 1937 च्या त्यांच्या पुस्तकात उज्जायी, भस्त्रिका आणि कपालभाती करताना ऑक्सिजनचा वापर वाढल्याची नोंद आहे. दोघांचे आकडे जुळत नाहीत, कारण पद्धत, वेग आणि कुंभकाचा काळ बदलला की आकडा बदलतो. पण करतानाचा वापर वाढणे म्हणजे पेशींत ऑक्सिजनचा साठा होणे नव्हे. जिना चढतानाही वापर वाढतोच.

म्हणजे श्वासाच्या व्यायामाचा उपयोगच नाही?

उपयोग आहे, पण त्याचे कारण वेगळे आहे. आपण एरवी मिनिटाला 12 ते 20 श्वास घेतो. तो वेग सहाच्या आसपास आणला, की हृदयाची लय आणि रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक तत्पर होते. इटलीतले संशोधक लुचियानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये दाखवले, की लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना म्हणताना आणि ‘ॐ मणि पद्मे हुम्’ हा मंत्र म्हणताना श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सहाच्या जवळ येतो. संथ लयीत हरिपाठ म्हणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

संथ श्वासाने काही रुग्णांचा रक्तदाब थोडा उतरतो, ताण कमी होतो आणि झोपेला मदत होते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण हा गोळीला जोड आहे, पर्याय नाही.

काही वेळा श्वासाने ऑक्सिजन खरोखर वाढतोही. न्यूमोनियानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर फुप्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नसेल, दीर्घकालीन दम्यासारखा आजार असेल किंवा माणूस उंच डोंगराळ भागात असेल, तर संथ, खोल श्वासाने कमी असलेला आकडा सुधारू शकतो. कारण तिथे पहिल्याच स्टेशनवर अडचण असते.

कर्करोगाच्या दाव्याचे काय?

‘ऑक्सिजनमध्ये कर्करोग जगत नाही, नोबेल मिळाले आहे’ हे वाक्य अशा व्हिडीओत हमखास येते. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांना 1931 चे नोबेल मिळाले, ते पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या शोधासाठी. कर्करोगाच्या पेशी ऑक्सिजन उपलब्ध असतानाही साखर आंबवून ऊर्जा मिळवतात, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध आहे. त्यातून ‘दीर्घ श्वास घेतल्याने गाठ विरघळते’ असा अर्थ निघत नाही.

2019 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल विल्यम केलिन, पीटर रॅटक्लिफ आणि ग्रेग सेमेन्झा यांना मिळाले, ते पेशी ऑक्सिजनची कमतरता कशी ओळखतात या शोधासाठी. ऑक्सिजन कमी पडला की मूत्रपिंडातून एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक वाढते आणि तांबड्या पेशी जास्त बनू लागतात. म्हणजे दीर्घकाळ कमतरता असेल, तर शरीर स्वतःच डबे वाढवायला घेते. पण डबे बनवायला लोह लागते.

98 आकडा असूनही दम का लागतो?

आत्याच्या प्रश्नाचे उत्तर इथे आहे. ऑक्सिमीटर डबे किती टक्के भरले आहेत ते सांगतो, डबे किती आहेत ते नाही. रक्ततपासणीत तिचे हिमोग्लोबिन 7.1 निघाले. गरोदर नसलेल्या महिलेत 12 पेक्षा कमी म्हणजे ॲनिमिया आणि 8 पेक्षा कमी म्हणजे तीव्र ॲनिमिया. 98 टक्के भरलेले 7 ग्रॅम हिमोग्लोबिन म्हणजे 100 मिलीलीटर रक्तात जेमतेम 9 मिलीलीटर ऑक्सिजन. निरोगी माणसाच्या निम्मा! हिमोग्लोबिन एक ग्रॅमने वाढले, तर सव्वा मिलीलीटरहून जास्त भर पडते. वीस मिनिटांच्या धापांनी ते होत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या निम्म्याहून अधिक, सुमारे 54 टक्के महिलांना ॲनिमिया आहे. किनवटसारख्या आदिवासीबहुल भागात सिकलसेलचीही तपासणी महत्त्वाची आहे. या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन सोडल्यावर हिमोग्लोबिन गुठळते आणि तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात. देशात 1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली असून सरकारी दवाखान्यांत त्याची प्राथमिक चाचणी केली जाते.

चुलीचा धूरही लक्षात घ्या. त्यातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून जास्त घट्ट चिकटतो आणि डबे अडवून ठेवतो. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक कळत नाही, तो आकडा चांगलाच दाखवतो.

सर्वांत मोठा धोका कुठे?

पाण्यात! सहस्रकुंड किंवा पैनगंगेच्या डोहात बुडी मारण्याआधी ‘ऑक्सिजन भरून घ्यायला’ जोरजोरात श्वास घेणारी मुले आपण पाहतो. श्वास घ्यावासा वाटतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. तो आधीच घालवला, तर ऑक्सिजन धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला तरी इशारा मिळत नाही आणि पाण्याखालीच शुद्ध हरपते. पट्टीचे पोहणारेही यात दगावतात.

काय करावे, काय टाळावे?

- संथ श्वास करायला हरकत नाही. बसून, नाकाने, साधारण पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. पाच-दहा मिनिटे पुरेत. चक्कर आली तर थांबा.
- जलद श्वासाचे प्रकार गरोदरपणात, फिट्स येत असतील, हृदयविकार किंवा अनियंत्रित रक्तदाब असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. पाण्याजवळ किंवा गाडी चालवताना कधीच नको.
- बीपी, शुगर, दम्याची औषधे परस्पर बंद करू नका.
- आकडा 98 असूनही दम, थकवा, धडधड असेल तर हिमोग्लोबिन तपासा. आराम पडला नाही तर हृदय आणि फुप्फुसांचीही तपासणी करा.
- लोहाची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या. तिच्यासोबत चहा नको, लिंबू चालते.
- बसल्या जागी दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा आकडा 94 च्या खाली असेल, तर व्हिडीओ पाहत बसू नका, लगेच दवाखाना गाठा.

आत्याची सिकलसेल चाचणी निगेटिव्ह आली. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन 10 च्या वर गेले. धापा टाकणे तिने सोडले, पण संध्याकाळी दिवाबत्तीनंतर दहा मिनिटे संथ श्वास घेत बसणे सोडले नाही. ‘‘गोळीनं दम गेला, ह्यानं झोप लागायलीय. दोन्ही राहू दे,’’ ती म्हणते. ऑक्सिमीटर मात्र परत फडताळात गेले आहे.