रस्सा झोंबायला लागला तर...

कोल्हापूरच्या माणसाला तांबडा रस्सा झोंबतो म्हटलं, तर लोक हसतील. पण वाटी तोंडाला लावून रस्सा ओरपणारा पंचविशीतला एखादा पोरगा अचानक मिसळीचा कट बाजूला सारतो. ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या खातो. महिना उलटतो, तरी आग तशीच. त्याच्या खिशात सुपारी-तंबाखूच्या माव्याची पुडी असेल, तर ही आग अंगावर काढण्यासारखी नाही.

हे सबम्युकस फायब्रोसिसचं पहिलं लक्षण असू शकतं. विकाराला हे नाव दिलं मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी, १९५३ मध्ये. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या अस्तराखालच्या पेशींना जादा कोलॅजन तयार करायला लावतं. सुपारीतच असलेलं तांबं या धाग्यांची वीण घट्ट करणाऱ्या विकराला बळ देतं. मऊ गाल आतून ताठर, पांढुरका होत जातो आणि जबडा उघडेनासा होतो. अशा काही रुग्णांना पुढे कर्करोग होतो. ‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ या बोलण्यात म्हणूनच काही अर्थ नाही.

जबडा पुरेसा उघडतो का हे घरीच पाहायला तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक धरून पुढच्या दातांमध्ये उभी घालून पाहावीत. तिन्ही सहज जायला हवीत. दोनच जात असतील, तर तोंड तपासून घ्यायलाच हवं.

मग उजेडात आरसा धरायचा. गालाची आतली बाजू, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि जिथे तंबाखूचा बार धरला जातो ती हिरडीजवळची खाच. मिश्री लावणाऱ्या बायकांनीही हे पाहावं. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, त्याहून धोक्याचा मखमली लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेली जखम, विनाकारण हलणारा दात, मानेतली गाठ. यातलं बरंचसं सुरुवातीला दुखत नाही आणि माणूस फसतो तो तिथेच.

शेजारच्या सांगली जिल्ह्यातले नेते आर. आर. पाटील २०१५ मध्ये तोंडाच्या कर्करोगाने गेले, अवघ्या ५७ व्या वर्षी. शरद पवारांना २००४ मध्ये याच रोगाने गाठलं. ते त्यातून बरे झाले. सुपारी वेळीच सोडली नाही, ही खंत त्यांनी जाहीरपणे बोलून दाखवली आहे.

चट्टा दिसूनही लोक डॉक्टरांकडे जायचं टाळतात, कारण तुकडा काढला की कर्करोग पसरतो अशी भीती मनात घर करून असते. ती खोटी आहे. जागा बधिर करून तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा तपासायला घेतात आणि माणूस बहुधा त्याच दिवशी घरी जातो.