पर्यावरण-चिन्हे व ग्राहक

पर्यावरण-चिन्ह : एखाद्या वस्तूचे उत्पादन, वापर व विल्हेवाट यांमुळे तिच्या वर्गातील इतर वस्तूंपेक्षा पर्यावरणाची हानी कमी होते, असे दर्शविणारी वेष्टनावरील खूण. वस्तूचा रंग वा स्वाद ग्राहक स्वतः पारखू शकतो. परंतु कागदाच्या विरंजनासाठी क्लोरीन वापरले की नाही, हे त्याला वापरानंतरही कळत नाही. माहितीतील ही उणीव त्रयस्थ संस्थेच्या तपासणीने भरून काढणे, हा अशा चिन्हांचा हेतू होय. पश्चिम जर्मनीने १९७८ मध्ये सुरू केलेले ‘ब्लाउअर एंगेल’ (निळा देवदूत) हे या प्रकारचे पहिले राष्ट्रीय चिन्ह. पुढे नॉर्डिक देशांचे हंसचिन्ह (१९८९) व यूरोपीय समुदायाचे पुष्पचिन्ह (१९९२) प्रचारात आले.

चिन्ह पाहून ग्राहक खरेदी बदलतो काय, हा प्रश्न दीर्घकाळ वादाचा ठरला आहे. प्रश्नावलीत पर्यावरणाची बाजू घेणारा मनुष्य दुकानात किंमत, सवय व परिचित नाममुद्रा यांनुसार वागतो. म्हणून मतांपेक्षा विक्रीच्या नोंदी अधिक विश्वसनीय मानाव्या लागतात. ट्यूना माशांच्या जाळ्यांत डॉल्फिन मरतात हे उघड झाल्यावर अमेरिकेत १९९० मध्ये डब्यांवर ‘डॉल्फिन-सुरक्षित’ ही खूण आली. तिच्यामुळे ट्यूनाचा बाजारातील हिस्सा वाढल्याचे टाइझल, रो व हिक्स यांच्या अभ्यासात (२००२) आढळले. अर्थात तेथे लोकभावना आधीच जागृत झालेली होती. त्या दृष्टीने डेन्मार्कमधील पुरावा अधिक बोलका आहे. ब्योर्नर, हान्सेन व रसेल यांनी तेथील कुटुंबांच्या प्रत्यक्ष खरेदीच्या नोंदी तपासल्या (२००४). टॉयलेट पेपरसारख्या सामान्य वस्तूवरील हंसचिन्हासाठीही ग्राहकांची किंमतीच्या १३ ते १८ टक्के अधिक देण्याची तयारी त्यांतून दिसून आली.

चिन्हाची रचनाही निर्णायक ठरते. यूरोपातील वीज-उपकरणांच्या ‘ए’ ते ‘जी’ या श्रेणींवर २०१० च्या निर्देशानुसार ‘ए+’ ते ‘ए+++’ अशा श्रेणी चढविण्यात आल्या. अक्षरांतील फरक सहज कळे; अधिकचिन्हांतील फरकाला मात्र ग्राहक तेवढे महत्त्व देईनात, असे हाइन्झले व व्यूस्टेनहागेन यांना दूरचित्रवाणी संचांविषयीच्या प्रयोगात आढळले (२०१२). २०२१ मध्ये मूळ ‘ए’ ते ‘जी’ श्रेणी पुन्हा आणाव्या लागल्या. शिवाय चिन्ह मिळावे म्हणून उत्पादक आपली प्रक्रियाच सुधारतो, तेव्हा वेष्टन न वाचणाऱ्या ग्राहकाच्या हातीही सुधारलेली वस्तू पडते. हा परिणाम विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही.

भारतात १९९१ मध्ये मातीचा घट हे बोधचिन्ह असलेली ‘इकोमार्क’ योजना सुरू झाली. भारतीय मानक ब्यूरोकडे तिची अंमलबजावणी होती व वस्तूने गुणवत्तेचे भारतीय मानकही पाळावे, अशी अट होती. सहभाग ऐच्छिक असल्याने फारच थोडे उत्पादक पुढे आले. परिणामी हा घट ग्राहकाच्या नजरेसच क्वचित पडला. याउलट ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोची २००६ मध्ये सुरू झालेली तारांकनाची पद्धत घरोघरी पोहोचली. प्रशीतके, वातानुकूलन यंत्रे यांसारख्या काही उपकरणांवर ती पुढे सक्तीची झाली, हे त्याचे एक कारण. आणि तारे वाढले की विजेचे बिल घटते, हे दुसरे. तारे पाहणारा ग्राहक पर्यावरणाचा विचार करतोच, असे त्यावरून म्हणता येत नाही. २०२४ मध्ये केंद्र शासनाने इकोमार्कचे नवे नियम काढून १९९१ च्या योजनेची जागा त्यांना दिली. उत्पादकांचा सहभाग मात्र त्यांतही ऐच्छिकच आहे.